लॉजच्या अर्जदारांसाठी पार्श्वभूमी तपासणी सेवा: माझ्याकडून पाचपैकी तीन तारे

मी एका फ्रीमेसन लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचा, सेक्रेटरी आहे. नोकरीची सगळी वर्षं लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे कागद वाचायची सवय आहे आणि कागदावर कुठवर विसंबायचं याचाही अंदाज आहे. नव्या सभासदांच्या चौकशीसाठी आम्ही एका ऑनलाइन पार्श्वभूमी तपासणी सेवेचं वर्षभराचं सदस्यत्व घेतलं होतं. ते आता संपत आलंय आणि नूतनीकरणाचा विषय समितीपुढे आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एखाद्या लॉजने अशी सेवा घ्यावी का आणि घेतली तर तिचा उपयोग नेमका कुठे करावा, हे मला सांगायचंय. त्यासाठी नावाची गरज नाही.

आमच्या अर्जावर एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी कुठल्या न्यायालयाने दोषी ठरवलं आहे का? वर्षानुवर्षं तिथे 'नाही' लिहून येतं आणि कुणी त्यावर नजरही टाकत नाही. या वेळी एका अर्जदाराने 'हो' लिहिलं. खाली दोन ओळी होत्या. तरुणपणी नोकरीच्या ठिकाणी पैशांचा अपहार केला, शिक्षा भोगली, रक्कम फेडली. (हे सगळं त्यांची परवानगी घेऊन लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

समितीच्या बैठकीत तो कागद हातोहात फिरला. एक ज्येष्ठ ब्रदर (सभासदाला आम्ही ब्रदर म्हणतो) म्हणाले, "अर्ज परत पाठवा, नसता ताप कशाला?" दुसऱ्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे 'नाही' लिहिलं असतं तर घेतला असता?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आमचे खजिनदार काहीच बोलले नाहीत. ते एरवी गप्प बसणाऱ्यातले नव्हेत, म्हणून त्यांची ती शांतता मला जास्त जाणवली. शेवटी आमच्यातल्या एका तरुण सभासदाने ही सेवा सुचवली. खरंखोटं एकदा समोर येऊ दे, मग बोलू, असं ठरलं.

सेवेची सुरुवात चांगली आहे आणि हे मी मनापासून म्हणतोय. अर्जदाराची लेखी संमती अपलोड केल्याशिवाय शोध पुढेच सरकत नाही. ओळखपत्र, जन्मतारीख, आधीचे पत्ते सगळं अर्जदार स्वतः भरतो, आपण त्याच्या मागे त्याच्या आयुष्यात डोकावत नाही. अहवाल लवकर येतो. भाषा सोपी आहे, छपाई स्वच्छ आहे, आणि कुठली नोंद कुठल्या न्यायालयाच्या दप्तरातून घेतली ते प्रत्येक नोंदीखाली दिलेलं असतं. ही शेवटची सोय नसती तर पुढचं काहीच मला कळलं नसतं.

अहवालाच्या पहिल्या पानावर मात्र एक रंगीत पट्टी येते: हिरवी, पिवळी किंवा लाल. आमच्या अर्जदाराची पट्टी लाल होती. खाली ठळक अक्षरांत 'जोखीम: उच्च', आणि त्याखाली तीन नोंदी. मारहाणीची एक, अटकेची एक, अपहारातल्या दोषसिद्धीची एक. माणसाने एक सांगितलं आणि निघाले तीन, असंच कुणालाही वाटलं असतं. बैठकीत तो कागद तसाच ठेवला असता तर चर्चा तिथेच संपली असती.

मी घरी बसून नोंदी ओळीने तपासल्या. मारहाणीच्या नोंदीत नाव तेच, जन्माचं वर्ष तेच, पण वडिलांचं नाव वेगळं, आणि ज्या भागातली ती घटना होती तिथे आमचे अर्जदार कधी राहिलेच नव्हते. ती दुसऱ्याच माणसाची नोंद होती. अटक आणि दोषसिद्धी या दोन नोंदींचा खटला क्रमांक एकच निघाला. एकाच प्रकरणातले दोन टप्पे यंत्राने दोन वेगळ्या ओळींत टाकले होते आणि वरच्या बेरजेत दोन धरले होते. म्हणजे तीनातला खरा प्रसंग एकच, आणि तोही माणसाने स्वतःच्या हाताने अर्जावर लिहिलेला. खतावणीत एकच व्हाउचर दोनदा चढवलेलं असावं तसा हा प्रकार. ज्यांना खतावणी वाचायची सवय नाही त्यांनी तो मुकाट्याने खरा मानला असता.

एक तारा मी इथे कापला. दुसऱ्याचा गुन्हा एखाद्याच्या नावावर लावणं ही किरकोळ चूक नव्हे. आणि रंगीत पट्टीबद्दल माझं म्हणणं असं की ती लॉजसाठी निरुपयोगी आहे. ती बनवलीय नोकर ठेवणाऱ्यांसाठी. शंभर अर्जांमधून पाच जण झटपट बाजूला काढायचे असतील तर रंग उपयोगी पडत असेल. लॉजपुढे एका वेळी एकच माणूस असतो, आणि घेतला तर तो जन्मभराचा ब्रदर होणार असतो.

तक्रार केली. ग्राहक कक्षातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, खटला क्रमांक विचारले, वडिलांच्या नावाचा पुरावा मागवला आणि दुरुस्त अहवाल पाठवला. मारहाणीची नोंद गेली, उरलेल्या दोन नोंदी एकत्र झाल्या. पट्टी लालच राहिली. त्यावर त्यांचं उत्तर होतं की दोषसिद्धी असली की रंग आपोआप ठरतो, तिला किती वर्षं झाली हे यंत्र बघत नाही. त्या बाईंचा दोष नाही, त्यांनी त्यांचं काम चोख केलं.

किती वर्षं झाली हा प्रश्न कायद्यानेसुद्धा दुर्लक्षिलेला नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या पुनर्वसन कायद्याप्रमाणे ठरावीक काळ नव्या गुन्ह्याविना गेला की बऱ्याच शिक्षा संपुष्टात आल्या असं धरतात आणि बहुतेक ठिकाणी त्या सांगाव्या लागत नाहीत. अमेरिकेत १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याप्रमाणे, ज्या अटकेतून दोषसिद्धी झाली नाही ती साधारणपणे सात वर्षांनंतर अशा अहवालात दाखवता येत नाही, दोषसिद्धीला मात्र तशी मुदत नाही. युरोपात जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या दहाव्या कलमाने गुन्हेगारी नोंदी हाताळण्यावर वेगळं आणि कडक बंधन घातलंय. ही सेवा घेणाऱ्या प्रत्येक लॉजने आपल्या देशातला नियम आधी वकिलाला विचारून घ्यावा. सेवेच्या संकेतस्थळावर याबद्दल एक बारीक अक्षरातला परिच्छेद आहे, तेवढ्यावर विसंबू नये.

मग या सेवेचा उपयोग काय? एकच, पण तो मोठा आहे. माणसाने स्वतः जे सांगितलं ते कागदाशी जुळतं का, हे तिने कळतं. आम्ही दुरुस्त अहवाल घेऊन अर्जदाराच्या घरी गेलो. घरी जाऊन भेटायची पद्धत आमच्या लॉजमध्ये जुनी आहे आणि ती कधीही सोडू नये असं माझं ठाम मत आहे. समितीचे आम्ही तिघे, अर्जदार आणि त्यांच्या पत्नी. मी अहवाल पिशवीतच ठेवला आणि म्हटलं, तुम्ही सांगा.

त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. कुठे काम करत होते, पैसे कसे काढले, पहिल्यांदा काढले तेव्हा महिनाअखेरीस परत ठेवायचे असं मनाशी म्हणत होते, ते कसं जमलं नाही, कोणी पकडलं. मध्येच ते उठले आणि कपाटातून एक फाइल घेऊन आले. निकालपत्राची प्रमाणित प्रत होती, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्यामागे पावत्यांचा गठ्ठा होता. अपहाराची रक्कम त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडली होती, शिक्षा संपल्यावरसुद्धा. शेवटच्या पावतीवर जुन्या मालकाची सही आणि हाताने लिहिलेले दोन शब्द: 'पूर्ण फेड'. मी पावत्यांची बेरीज केली. सवयच ती. रक्कम निकालपत्रातल्या आकड्याशी जुळली.

त्यांच्या पत्नी तोवर काही बोलल्या नव्हत्या. आमच्यातल्या एकाने विचारलं, "वहिनी, तुम्हाला हे कधी कळलं?" त्या म्हणाल्या, "लग्नाआधी. माझ्या वडिलांसमोर बसून सांगितलं यांनी. मुलांनाही माहीत आहे, मोठी झाल्यावर सांगितलं."

मग मी माझा प्रश्न विचारला. लॉजमध्ये दानपेटी असते, निधी असतो, उद्या तो तुमच्या हाती आला तर? ते म्हणाले, "मी मागणार नाही. पण दिलात तर दोन सह्यांची पद्धत ठेवा. माझ्यासाठी म्हणून नको, जो कोणी असेल त्याच्यासाठी." परतताना तिघांपैकी कुणी फारसं बोललं नाही.

तारीख, कलम, शिक्षेचा कालावधी, सगळं अहवालाशी जुळलं होतं. सेवेचं काम तिथे संपलं. फेडलेले हप्ते अहवालात नाहीत. सासऱ्यांसमोर केलेली कबुली अहवालात नाही. आणि सूचकाला हे आधीपासून माहीत होतं का, हेही नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या चौकशीत हाच प्रश्न पहिला असायला हवा. जो ब्रदर एखाद्याचं नाव सुचवतो तो स्वतःचा शब्द गहाण ठेवत असतो. त्याला ठाऊक असूनही त्याने नाव सुचवलं असेल तर त्याला लॉजसमोर उभं राहून का ते सांगता आलं पाहिजे. त्याला ठाऊकच नसेल, तर तो माणसाला पुरेसा ओळखत नाही, आणि मग अर्ज थांबवायचं कारण अर्जदाराच्या गुन्ह्यात नसून सूचकाच्या घाईत आहे. आमच्या सूचकाला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने ते आम्हाला आधी सांगितलं नाही, कारण ही गोष्ट अर्जदाराने स्वतः सांगायला हवी असं त्याला वाटत होतं. मला ते पटलं.

चर्चा पुढे लॉजमध्ये गेली तेव्हा फ्रीमेसनरीच्या जुन्या घटनेचे, म्हणजे मूळ नियमपुस्तकाचे, दाखले निघाले. १७२३ च्या अँडरसनच्या घटनेत म्हटलंय की लॉजमध्ये घ्यायचे ते पुरुष भले आणि सच्चे असावेत, अनैतिक किंवा बदनाम नसावेत, त्यांचा लौकिक चांगला असावा. त्याच पुस्तकातल्या नियमांत असंही आहे की कुणालाही घेण्याआधी लॉजला एक महिना आधी सूचना द्यावी, म्हणजे त्याच्या लौकिकाची आणि कुवतीची रीतसर चौकशी करता येईल. आणि ज्यांच्यात तो येणार त्या सगळ्या सभासदांची संमती हवी, कारण न पटणारा माणूस लादला गेला तर लॉजमधला एकोपा बिघडतो. तीनशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांजवळ तपासणीचं दुसरं साधनच नव्हतं, शेजारीपाजारी जाऊन विचारायचं एवढंच. मला वाटतं आजही तेच साधन अधिक खरं आहे.

एका ब्रदरने त्याच घटनेतला बंडखोराबद्दलचा उतारा वाचून दाखवला. राज्याविरुद्ध बंड करणाऱ्या ब्रदरला पाठिंबा देऊ नये, पण दुसरा कुठला गुन्हा सिद्ध झाला नसेल तर त्याला लॉजमधून काढता येत नाही, असा तो आशय. त्यांचा हेतू चांगला होता, पण दाखला इथे लागू नव्हता. तो नियम आधीच आत असलेल्या ब्रदरबद्दल आहे, आणि तोही बंडापुरता. दाराशी उभ्या असलेल्या आणि अपहारात दोषी ठरलेल्या माणसाला त्याचा आधार देता येत नाही. करुणेच्या बाजूने बोलतानासुद्धा नियम वाकवून बोलू नये, नाहीतर समोरचा उद्या तोच नियम उलट बाजूने वाकवतो.

त्याआधी आम्ही आमच्या ग्रँड लॉजकडे, म्हणजे लॉजांच्या वरच्या संस्थेकडे, लेखी विचारणा केली होती, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. काही ग्रँड लॉज गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सरळ नकार देतात, काही ग्रँड मास्टरच्या खास परवानगीने घेऊ देतात, काही निर्णय लॉजवर सोडतात. अर्जदाराला आशेला लावून मग वरून नकार आला तर त्याच्यावर तो दुहेरी अन्याय होतो.

आता गोपनीयता. सेवेचा दुसरा तारा मी कापला तो इथे. अहवालाच्या कोपऱ्यात 'शेअर' असं बटण आहे. ते दाबलं की एक दुवा तयार होतो आणि तो ज्याच्याकडे जाईल त्याला पासवर्डशिवाय उघडतो. त्याला मुदत नाही. मी स्वतःच्या नावाने चाचणी अहवाल काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून पाहिला, एका झटक्यात उघडला. समितीतल्या एखाद्याने सहज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असता तर एका माणसाचं अख्खं आयुष्य गावभर झालं असतं. आम्ही लगेच ठरवलं की अहवाल फक्त मास्टर (लॉजचे प्रमुख), सेक्रेटरी आणि चौकशी समितीने पाहायचा, छापील प्रतीवर, आणि निर्णय झाल्यावर प्रत फाडून टाकायची. खातं बंद केल्यावर अहवाल त्यांच्या सर्व्हरवरून पुसला जातो का, असं विचारलं तर 'धोरणानुसार ठेवला जातो' असं उत्तर आलं. हे मला अजिबात मान्य नाही.

पण मतदान तर सगळे सभासद करणार. त्यांना काहीच न सांगता मताची गोटी (पांढरी होकाराची, काळी नकाराची) टाकायला सांगणं हीही फसवणूकच. या पेचात आम्ही बराच काळ अडकलो होतो. वाट मास्टरांनी काढली. त्यांनी अर्जदाराला विचारलं की लॉजला काय सांगितलेलं तुम्हाला चालेल, ते तुम्हीच लिहून द्या. अर्जदाराने चार ओळी लिहून दिल्या. गुन्हा, शिक्षा, फेड, आणि आज यायची इच्छा का आहे. मास्टरांनी त्या बंद दारामागे जशाच्या तशा वाचल्या, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मग सूचक उभा राहिला आणि आपण या माणसाला कसे आणि किती वर्षं ओळखतो ते बोलला. ज्या लॉजना असा प्रसंग येईल त्यांनी ही पद्धत जरूर वापरून पाहावी. कुजबुजीतून पसरणारी गोष्ट प्रत्येक कानाला वाढत जाते. माणसाच्या स्वतःच्या शब्दांत एकदा वाचली की ती तेवढीच राहते.

मतदान गुप्त असतं, ते गुप्तच राहायला हवं. गोटी टाकताना हाताला चुकून गल्लत होऊ नये म्हणून कित्येक ठिकाणी नकाराची काळी गोटी गोल न ठेवता चौकोनी ठोकळ्याची ठेवतात, इतकी त्यात काळजी घेतलेली असते. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजच्या नियमात तीन काळ्या पडल्या की नकार, आणि लॉजला स्वतःच्या उपनियमांत ही संख्या दोन किंवा एकवर आणता येते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एकच पुरते. आमच्या मतदानाचा तपशील मी इथे लिहिणार नाही, अर्जदार निवडून आले एवढंच. एखादं नाव निवडून येणारच नाही असं दिसत असेल तर सूचकाने ते मतदानाआधी मागे घेणं केव्हाही माणुसकीचं. मात्र काही ग्रँड लॉजमध्ये अर्ज एकदा चौकशीला गेला की तसाच मागे घेता येत नाही, तेव्हा आधी विचारून ठेवावं.

आमच्या खजिनदारांची शांतता मतदानाआधीच सुटली होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या भावाला त्याच्या भागीदाराने असंच बुडवलंय. माझ्याच्याने निष्पक्ष विचार होत नाहीये." मी म्हटलं, हे तुम्ही समितीला सांगा. त्यांनी सांगितलं आणि चौकशीच्या शिफारशीतून स्वतःहून बाजूला राहिले. पुढच्या बैठकीत लॉजच्या प्रत्येक धनादेशावर दोन सह्या असाव्यात असा ठराव त्यांनीच मांडला. तो एकमताने झाला. नव्या माणसाला सभासद करून घ्यायचं पण पैशांपासून कायमचं लांब ठेवायचं, अशी एक सूचना त्याआधी आली होती. मी तिला विरोध केला होता. लॉजमध्ये दुय्यम दर्जाचा ब्रदर असू शकत नाही. विश्वास बसत नसेल तर घेऊ नका. घेतलंत तर नियम सगळ्यांना सारखा लावा. खजिनदार निवडून येतो, हिशेब तपासले जातात, ही व्यवस्था कुणा एकाच्या भूतकाळासाठी केलेली नाही.

माझी दारं सगळ्यांना उघडी आहेत असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. लहान मुलांवरचे अत्याचार, घरातल्या बाईला केलेली मारहाण, म्हाताऱ्या माणसांची फसवणूक, यात दोषी ठरलेल्याच्या बाजूने मी कधी उभा राहणार नाही. लॉजच्या कार्यक्रमांना कुटुंबं येतात, मुलं येतात. आमचा अल्मनर, म्हणजे मदतकार्य बघणारा पदाधिकारी, दिवंगत ब्रदरांच्या पत्नींच्या घरी एकटा जातो, त्यांच्या कागदपत्रांत मदत करतो, औषधपाण्याचं बघतो. उद्या ते काम ज्याच्या हाती जाऊ शकतं त्याला घेताना त्या घरांतल्या बायकांचा विचार आधी करायला हवा. खटला चालू असेल तर निकाल लागेपर्यंत थांबावं, शिक्षा चालू असेल तर ती पुरी होईपर्यंत. यात अर्जदाराचा अपमान नाही.

या वर्षात सेवेमुळे झालेला सगळ्यात मोठा तोटा मात्र वेगळाच आहे आणि तो हिरव्या पट्टीने केला. पुढच्या एका अर्जदाराचा अहवाल अगदी स्वच्छ आला. समितीतले दोघे लगेच म्हणाले, आता घरी जायची काय गरज? सूचकाची आणि त्याची ओळख अगदी अलीकडची होती, तरी कुणाला त्यात काही वाटेना. मी हट्टाने भेट ठरवली. बोलता बोलता हे गृहस्थ विचारू लागले की सभासदांमध्ये कंत्राटं देणाऱ्या पदांवर कोण कोण आहे, लॉजमध्ये आल्यावर त्यांच्याशी ओळख किती दिवसांत होते. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीला आम्ही कोण आणि कशासाठी आलोय हेच ठाऊक नव्हतं. दीक्षेच्या आधी अर्जदाराकडून आपण आर्थिक किंवा अन्य हलक्या हेतूने येत नाही अशी घोषणा लिहून घेण्याची प्रथा उगाच पडलेली नाही. त्या अर्जाची शिफारस आम्ही केली नाही.

इटलीतल्या पी-टू लॉजचं उदाहरण फ्रीमेसनरीत सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या ग्रँड ओरिएंटने, म्हणजे वरच्या संस्थेने, तिला १९७६ मध्ये निलंबित केलं होतं, तरी तिचा प्रमुख लिचो जेल्ली याच्या हाताखाली ती चालूच राहिली. मार्च १९८१ मध्ये त्याच्या जागांच्या झडतीत ९६२ नावांची यादी सापडली आणि सरकार कोसळलं. मंत्री, सेनाधिकारी, बँकांचे वरिष्ठ, पत्रकार अशा मोठमोठ्या पदांवरची माणसं होती त्यात. अशी माणसं आपल्या दाराशी आली तर आपण किती प्रश्न विचारू, हे प्रत्येक चौकशी समितीने स्वतःला विचारावं.

आता नूतनीकरणाचं. अर्जावर 'हो' असेल तेव्हाच अहवाल मागवावा असं समितीतल्या काहींचं मत आहे. मला ते मान्य नाही. तसं केलं तर खरं लिहिणाऱ्याचीच तपासणी होईल आणि सभासदांचे मुलगे, जावई, पुतणे बिनचौकशी आत येतील. मागवायचा तर सगळ्यांचा. त्याहून चांगला पर्याय म्हणजे पोलिसांचं किंवा सरकारी खात्याचं प्रमाणपत्र अर्जदारानेच काढून आणणं. बऱ्याच देशांत ते मिळतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये बेसिक डीबीएस ही सरकारी गुन्हेनोंद तपासणी माणसाला स्वतःच मागवता येते आणि तीत मुदत संपलेल्या शिक्षा दिसत नाहीत. त्यात दुसऱ्याची नोंद आपल्या नावावर लागलीच तर माणूस ती आधी स्वतः पाहतो आणि दुरुस्त करून घेतो. कागद त्याच्या हातातून आपल्याकडे येतो, आपण त्याच्या पाठीमागून तो काढत नाही. लॉजच्या बाबतीत मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

ज्यांच्याकडे असं सरकारी प्रमाणपत्र सहज मिळत नाही त्यांनी ही सेवा घ्यायला हरकत नाही. फक्त पहिलं पान काढून टाकावं, नोंदींचे खटला क्रमांक आणि वडिलांचं नाव स्वतः जुळवावं, आणि अहवाल समितीत ठेवण्याआधी त्याची प्रत अर्जदाराला द्यावी. त्याला त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते माहीत असलंच पाहिजे.

आम्ही कंपनीला लेखी कळवलंय की शेअरचा दुवा पासवर्डविना उघडता कामा नये, खातं बंद केलं की अहवाल पुसल्याचं पत्र मिळालं पाहिजे, आणि लॉजसारख्या संस्थांना रंगीत पट्टीशिवायचा अहवाल मिळायला हवा. पहिल्या मागणीवर काम चालू आहे असं त्या ग्राहक कक्षातल्या बाईंनी सांगितलंय. बाकी दोन्हींवर उत्तर यायचं आहे. आलं की तारे वाढवायचे की कमी करायचे ते इथेच लिहीन.